नाखवा खानदेशात

नोकरीची बावीस वर्षं मी पालघरला काढली. मूळचा अमळनेरचा, त्यामुळे मासे म्हणजे आठवडी बाजारातली सुकट आणि पावसाळ्यात बोरी नदीला आलेले शिंगाळे, एवढंच माझं ज्ञान. तिथे सातपाटीचा एक नाखवा, म्हणजे मासेमारी बोटीचा मालक, दोस्त झाला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. गावात सगळे त्याला नाखवाच म्हणतात, मीही तेच म्हणेन. सुट्टीहून परतताना मी त्याच्यासाठी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, न्यायचो, तो मला सुक्या बोंबलांची जुडी द्यायचा. आणि दर खेपेला विचारायचा, "तुमच्याकडे दर्या नाही, मग एवढे बोंबील खातं कोण?"

यंदा जानेवारीत त्याच्या बोटीचं इंजिन दुरुस्तीला उतरलं होतं. ऐन हंगामात घरी बसलेला नाखवा म्हणजे घरच्यांना शिक्षा. शेवटी वहिनींचाच फोन आला, "भाऊजी, ह्यांना चार दिवस तिकडे बोलवून घ्या." मी लगेच बेत आखला. हतनूरपासून तापीच्या काठाकाठाने नवापूरपर्यंत, मध्ये एक फेरी नर्मदेची. भाचा गाडी घेऊन यायला तयार होता, म्हणजे प्रवासाचा प्रश्न मिटला.

दिवस पहिला : भुसावळ, हतनूर, चांगदेव

नाखवा पहाटे भुसावळला उतरला तो अंगात पातळ शर्ट घालून. "तुमच्याकडे ऊन असतं ना?" असतं, पण जानेवारीच्या पहाटे नसतं. भाच्याने गाडीतली गोधडी काढून दिली आणि हा दर्यावर्दी माणूस केळीच्या बागा बघत, गोधडीत गुरफटून हतनूरला पोचला.

हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात 'हतनूरचे इतके दरवाजे उघडले' ही जळगावकरांची ठरलेली बातमी. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, आणि इथे चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते. दोन्ही नद्या काळ्या मातीचा मुलूख धुऊन आणतात, त्यामुळे हतनूर म्हटलं की धरण आणि गाळ हे दोन शब्द एकत्रच येतात.

नाखव्याने हात कमरेवर ठेवून पाणी न्याहाळलं. "एवढं पाणी नि एक होडी नाही?" होत्या, पण त्याला त्या होड्या वाटत नव्हत्या. थर्माकोलच्या लाद्या प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून केलेला तराफा, नाहीतर ट्रकच्या चाकाची ट्यूब. त्यावर मांडी घालून बसलेला माणूस एका हाताने वल्हवतोय, दुसऱ्या हाताने जाळं ओढतोय. आधी नाखवा हसला. मग त्यातल्या एकाला वाऱ्यात सरळ रेषेत किनाऱ्याला येताना बघून गप्प झाला.

ते भोईदादा पन्नाशीचे. जाळ्यात दोन कटले, एक रोहू, आणि बाकी सगळी चिलापी. नाखव्याने मासे न बघता आधी जाळं हातात घेतलं, दोन बोटं आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, घालून बघितली. "बारीक आहे." भोईदादा म्हणाले, "बारीक नाही ठेवलं तर चिलापी निसटते. आणि चिलापीच तर आहे." ही चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली १९५२ साली. मादी अंडी नि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात फार आणि तळं भरतं लवकर. मोठी होत नाही, पण रोज पैसा देते.

रोहू-कटल्याची गोष्ट उलटी आहे. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून बहुतेक धरणांत दरवर्षी बोटुकली सोडावी लागते. बोटुकली म्हणजे बोटभर पिल्लू. त्याच्या आधीची पायरी मत्स्यजिरे, जिऱ्याएवढं. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात अंगुलला पियूष ग्रंथीचा अर्क टोचून रोहू-कटल्याच्या जातकुळीतल्या कार्प माशांकडून अंडी घालवून घेतली, तेव्हापासून हे बीज तळ्यावर तयार करता येऊ लागलं. त्याआधी पुराच्या नदीत जाऊन ते गोळा करावं लागे. नाखवा हे सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे पेरतात नि कापतात. आमच्याकडे नुसतं कापतात."

भोईदादांचं गाऱ्हाणं गाळाचं. पाणी उथळ झालं, उन्हाळ्यात तापतं, मोठा मासा राहत नाही. नाखव्याला गाळ म्हणजे वाईट, हेच पटेना. पहिल्या पुराचं गढूळ पाणी खाडीला आलं की त्यामागून कोळंबी येते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. नदीने आणलेल्या मातीवर आणि खतावर खाडीच्या तोंडाची बारीक जीवसृष्टी पोसली जाते, आणि तिच्यावर मोठ्या माशांची पिल्लं. "तुम्ही इथे ज्याला रडताय ना, त्याचीच आम्ही तिकडे वाट बघतो," तो म्हणाला. भोईदादांनी एवढंच म्हटलं, "मग घेऊन जा. दोन ट्रक भरून देतो."

दुपारी भरीत, कळण्याची भाकरी, पातीचा कांदा. जानेवारीत या भागात आलात आणि भरीत खाल्लं नाही, तर आला कशाला? हतनूरला हिवाळी पक्षीही भरपूर असतात. चक्रवाकांची जोडी अगदी जवळून दिसली. पक्ष्यांसाठी जायचं तर सकाळी नऊच्या आत पोचा आणि दुर्बीण न्या. पाण्याकडेला जपून, वरून कोरडा दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत आत घेतो. भाच्याची एक चप्पल अजून तिथेच आहे.

दिवस दुसरा : अमळनेरचा बाजार, मुडावद

खरं तर हा दिवस आरामाचा ठेवला होता. पण घरी राहिलेला नाखवा काय करतो हे वहिनींनी सांगितलेलं असल्याने मी त्याला बाजारात नेलं.

सुक्या मासळीची ओळ बाजाराच्या टोकाला असते, का ते वारा आल्यावर कळतं. सुकट, जवळा, बोंबील, सगळं गोणपाटावर ढिगाने. आमच्याकडे भाजीला महागाई आली की घरोघरी सुकटीची चटणी होते. शेतात जाणाऱ्याच्या फडक्यात भाकरीबरोबर तीच असते. समुद्रापासून अडीचशे-तीनशे किलोमीटर आत, पण चव समुद्राची. नाखव्याच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर इथे गोणपाटावर मांडलेलं होतं.

त्याने एक बोंबील उचलला, अंगठा नि तर्जनी ताणून मोजला. ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा. म्हातारी विकणारीण वैतागली, "लेवाना व्हई ते ल्या भाऊ, मोजी काय राहीनात?"

मोजायचं कारण असं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या सागरी माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. सरंग्याला, म्हणजे पापलेटला, १३५ मिलिमीटर. बोंबलाला १८०. त्याहून लहान मासा धरायचा नाही, विकायचा नाही. १८० मिलिमीटर म्हणजे साधारण टीचभर. बोंबील सुकल्यावर आखडतो, कारण ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच. तेवढी सूट देऊनही ढिगातले कितीतरी बोंबील टिचेच्या निम्म्याने भरत होते. म्हणजे एकदाही अंडी न घातलेले. टीचभर पोटासाठी टीचभरही नसलेला मासा.

"हे डोलवाल्यांचं काम," नाखवा म्हणाला. इथे एक सांगितलं पाहिजे. नाखवा दालद्याने मासेमारी करतो, म्हणजे ठरावीक आसाचं कवजाळं, ज्यात मासा कल्ल्याशी अडकतो. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, शेपटाकडे बारीक होत गेलेलं. पाणी आणेल ते त्यात जातं, सरंग्याची पिल्लंसुद्धा. त्यामुळे दालदावाला डोलवाल्याला बोल लावणार, डोलवाला थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्याला, आणि तिघे मिळून रात्री उजेडाने मासे गोळा करणाऱ्या एलईडी दिव्यांच्या बोटींना. पालघरमध्ये राहून हे भांडण मी सगळ्या बाजूंनी ऐकलं आहे आणि प्रत्येकाचं थोडंथोडं खरं आहे.

मी म्हातारीला विचारलं, मोठे का नाही आणत? ती म्हणाली, मोठ्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुढे जातं. दहा-वीस रुपयांची चटणी करणाऱ्याला लांबी कशाला हवी? तिचंही बरोबर. याच ओळीतून मी आजवर घेतलेल्या सुकटीचा हिशेब मनात करू लागलो आणि मग सोडून दिला.

नाखव्याने त्यातलेच अर्धा किलो घेतले, मुद्दाम निवडून सगळ्यांत लहान. म्हातारी चाट पडली. "पुरावा," तो मला म्हणाला. "मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर ओततो. खानदेशात काय पोचतं ते बघा म्हणतो."

दुपारी मुडावदला गेलो. इथे धुळ्याहून येणारी पांझरा तापीला मिळते. कपिलेश्वराचं जुनं देऊळ, खाली संथ पाणी. पायऱ्यांवर एक ऐंशीचे भोईबाबा जाळं विणत बसले होते. नाखवा विचारल्याशिवाय शेजारी बसला आणि जाळ्याचं दुसरं टोक हातात धरून गाठी मारू लागला. बाबांनी एकदा वर बघितलं, गाठ तपासली, आणि बोलायला लागले.

पूर्वी इथे काय काय मिळायचं, याची यादी मोठी होती. मरळ, वाम, शिवडा, हाताएवढे झिंगे. आणि एक सापासारखा लांब, मांडीएवढा जाड, खवले न दिसणारा. वाम नव्हे, तिला पाठीवर काटे असतात, याला नव्हते. मी म्हटलं, अहीर. मराठीत ईल माशाला अहीर म्हणतात, आणि अहिराणी मुलखात हे नाव ऐकून सगळ्यांना गंमत वाटली. (नावांचा संबंध काही नसावा, पण मला तो असावासा वाटतो.)

हा अहीर जन्मतो खोल समुद्रात. पारदर्शक काडीएवढी पिल्लं नदीच्या मुखातून वर चढतात, वर्षानुवर्षं नदीत राहून मोठी होतात, आणि शेवटी एकदाच समुद्रात परत जाऊन अंडी घालून मरतात. मी हे सांगितलं तेव्हा बाबा मनापासून हसले. "समुद्रमाईन अठलोंग? आनि भाडं कोन देस तिले?" (समुद्रातून इथवर? आणि तिला भाडं कोण देतं?)

भाड्याचं माहीत नाही, पण वाटेतले नाके मी बोटांवर मोजून दाखवले. समुद्राकडून निघालं की काकरापारचा बंधारा, १९५४ चा. मग उकाई, १९७२. मग आपल्याकडचे प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे हे बंधारे. अमळनेरजवळ पाडळसे वर्षानुवर्षं अर्धवट आहे, आणि त्याच्याही वर हतनूर. बाबांनी विणणं थांबवलं. शेवटचा कधी दिसला असं विचारल्यावर त्यांना साल आठवेना; "मोठा भाऊ जिवंत होता तेव्हा," एवढंच म्हणाले.

दिवस तिसरा : सारंगखेडा, प्रकाशा, नंदुरबार

हा दिवस गाडीत गेला. सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला असते, आम्ही महिनाभर उशिरा. प्रकाशाला गोमाई आणि तापीचा संगम, दक्षिण काशी. घाटावर लोक मुरमुरे टाकत होते आणि पाणी मासळीने उकळल्यासारखं दिसत होतं. नाखव्याचे हात शिवशिवले, पण देवाचं ठिकाण म्हणून खिशात ठेवले.

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या बघाच. मैलभर लाल, आणि गाडीची काच उघडली की गाडीतल्या सगळ्यांना एकदम शिंका. खरेदी करायची तर जानेवारी चांगला. नाखव्याने पाच किलो मिरची घेतली. इथून पुढे त्याच्याकडे दोन पिशव्या झाल्या, एक मिरचीची, एक पुराव्याची.

दिवस चौथा : धडगाव आणि नर्मदा

शहाद्याहून धडगावचा रस्ता सातपुड्यातून वळणं घेत चढतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी निघू नये आणि भरल्या पोटीही निघू नये. धडगावच्या पुढे फोनची रेंज जाते, पैसे रोख लागतात, आणि संध्याकाळी परत येणारी जीप चारनंतर मिळेलच असं नाही. हे तिन्ही आम्ही अनुभवून सांगतोय.

नर्मदेच्या काठी उभं राहिल्यावर ती नदी वाटत नाही. डोंगरांच्या मधल्या प्रत्येक खोऱ्यात शिरलेलं, हिरवट, न हलणारं पाणी. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं या पाण्यात पूर्ण किंवा अर्धी गेली. जे काठावर उरले त्यांनी शेतकऱ्याचे मच्छीमार व्हायचं शिकून घेतलं, सहकारी संस्था काढल्या, होड्या घेतल्या.

आम्हाला नेणारा पावरा दादा तिशीतला. त्याचा बाप शेती करायचा, हा पाण्यावर. ते शेत कुठे होतं, तर त्याने बोट थेट होडीखाली दाखवलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गाळपेर करता येते, पण विजेसाठी पाणी सोडलं-धरलं की काठ रोज वर-खाली होतो, आणि काठाला उथळ पाण्यात मासा अंडी घालतो तीही उघडी पडतात. नाखव्याने दोनदा विचारून खात्री केली. "म्हणजे इथे भरती-ओहोटी आहे, पण चंद्राची नाही, बटणाची?"

आम्ही महासीरची चौकशी केली. सोनेरी खवल्यांचा, वाहत्या पाण्याचा, खडकाळ तळ लागणारा मासा. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्य मासा जाहीर केलं. दादाने लहानपणी पाहिला होता, आता जाळ्यात येत नाही. साठलेल्या पाण्यात तो कशाला राहील? नाखवा म्हणाला, "आमचा सरंगा २०२३ मध्ये राज्य मासा झाला. तेव्हाच मी घरी म्हटलं, बहुतेक आजारी दिसतोय. धडधाकट माशाचा सत्कार कोण करतं?"

परतताना इंजिन बंद पडलं. पाण्याच्या मधोमध, साडेतीन वाजता. दादा दोरी ओढून दमला. मग नाखवा उठला. माझ्या आयुष्यात त्याला एवढं खुश मी पाहिलेलं नाही. फिल्टर काढला, त्यात पाणी, खिशातल्या रुमालाने पुसला, फुंकला, बसवला, पुन्हा काढला. तासाभराने इंजिन लागलं, पण तोवर जीप गेलेली. बोटीने फिरणार असाल तर सकाळी फिरा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. आमच्याकडे चौघांत दोन होती.

रात्र दादाच्या घरी. बांबूच्या कुडाचं घर, डोंगराच्या कुशीत, थंडी मी म्हणत होती. त्या दिवशी जाळ्यात आलेले मासे सकाळीच व्यापाऱ्याला गेले होते. दादाची बायको संकोचली. नाखवा पिशव्यांकडे बघत थोडा वेळ बसला आणि मग पुराव्याची पिशवी उघडली. नंदुरबारची मिरची, लसूण, निखाऱ्यावर भाजलेले बोंबील, पाट्यावर भरडलेले. बरोबर गरम भाकरी. दादाच्या धाकट्या पोरीने समुद्राचा मासा पहिल्यांदा खाल्ला आणि दुसऱ्यांदा मागितला. नाखवा तिला वाढत होता आणि मला दाखवत होता की बघ, हा केवढासा आहे.

दिवस पाचवा : नवापूर

सकाळी पहिल्या जीपने खाली, मग गाडीने नवापूर. उकाई धरणाचं पाणी गुजरातेतून मागे सरकत नवापूर तालुक्यापर्यंत येतं. तापीचं महाराष्ट्रातलं शेवटचं दर्शन ते असं, पसरलेलं. काठावर बर्फाचे खोके घेऊन व्यापारी थांबलेले होते. खोक्यांत पुन्हा कटला आणि चिलापी.

इथे नाखव्याने पाल्याची गोष्ट काढली. पाला म्हणजे हिलसा, बंगाल्यांचा इलिश. समुद्रात राहतो आणि अंडी घालायला नदीत चढतो, अहिराच्या बरोबर उलट. नर्मदेत चढायचा, तापीतही चढायचा. गंगेत तो अलाहाबादपर्यंत जात असे, १९७५ मध्ये फराक्का बंधारा झाल्यावर ती वाट तुटली. नाखव्याच्या वडिलांच्या तोंडी पाल्याच्या गाभोळीची, म्हणजे पोटातल्या अंड्यांची, वर्णनं होती. त्याने स्वतः ती खाल्लेली बोटांवर मोजण्याइतकी.

मग तो बंदीबद्दल बोलला. दर्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जुने लोक नारळी पौर्णिमेपर्यंत बोट काढत नसत, तेच बरं होतं, असं त्याचं म्हणणं. शेजारच्या मच्छीमाराने विचारलं, "आमच्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला गाव लोटतं. पोटात अंडी असतात तेव्हाच. त्याला बंदी कोण करणार?" नाखवा म्हणाला, "तुमच्यातला म्हातारा. आमच्याकडे तोच करायचा." त्यावर मच्छीमार हसून म्हणाला, म्हातारेच तर सगळ्यांत पुढे असतात.

नवापूर स्टेशन जरूर बघा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधून सीमा जाते. एका टोकाला महाराष्ट्र लिहिलंय, दुसऱ्याला गुजरात. सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला.

गाडीला वेळ होता. नाखव्याने बाकाच्या महाराष्ट्राच्या बाजूला बसून पुराव्याची पिशवी उघडली आणि उरलेले बोंबील मांडीवर मोजले. अकरा. "अकरा पुरेत," तो म्हणाला, आणि विचार करत त्यातला एक तोंडात टाकला. शेजारी बसलेल्या काकूंनी पदर नाकाला लावला, पिशवीकडे एकदा बघितलं आणि सरकत सरकत गुजरातेत गेल्या.